चाळिसावा ठसा

शाळेच्या छपरासाठी रानातली चाळीस झाडे तोडावीत, हा प्रस्ताव मी मांडला आणि त्यांच्यावर ठसे मारण्याचे काम सुताराकडे मीच सोपवले. पुढे जे घडले त्यात माझा वाटा एवढा आहे. तो मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारणार नाही.

सोमवारी सायंकाळी साडेसात वाजता शाळेच्या कार्यालयात समितीची बैठक भरली. मी, सुतार, शाळेत शिपाई असलेली त्याची आई आणि दोन तरुण शिक्षक, इतकेच सभासद. सुतार माझाच विद्यार्थी. हाताने हुशार, तोंडाने त्याहून. विषय सुरू होतो न होतो तोच वखारीचे जुने मुकादम बोलावल्यावाचून आत आले आणि भिंतीलगतच्या बाकावर बसले.

"झाडं तोडू नका," ते म्हणाले. "कारण सांगतो. आजवर कोणाला सांगितलं नाही."

"काका, भुताची गोष्ट असेल तर आधी चहा होऊ द्या," सुतार म्हणाला.

"घे, बाबा, चहा घे. पण आधी ती खिडकी लाव. रानाकडची."

खिडकी लागल्यावर ते बोलू लागले.

"माझे दाजी झाडांना ठसे मारायचे. बाईंनी याच शाळेसाठी पहिल्यांदा चाळीस झाडं मागितली, त्याला एकतीस वर्षं झाली."

ते खरे होते; ती बाई मीच. ठसे मारणारा तो माणूस बायकोला टाकून पळून गेला, असे तेव्हा सगळे म्हणत. मीही तेच म्हणत होते.

"कामाची रीत अशी. कुऱ्हाडीनं सालीची खपली काढायची आणि उघड्या लाकडावर आकडा ठोकायचा. एक छातीच्या उंचीवर, एक मुळाशी. पण त्याआधी मान वर करून शेंडा बघायचा. वठलेलं असेल तर सोडून द्यायचं. दाजींनी एकोणचाळीस झाडांचे शेंडे पाहिले. चाळिसाव्याला अंधार पडला. घरी ताई वाट बघत होती. त्यांनी वर पाहिलं नाही. घरी आल्यावर हसत म्हणाले, 'शेवटचं झाड फारच ओलं होतं रे. ठोकल्याचा आवाजच आला नाही.'"

"मग?" धाकट्या शिक्षकाने विचारले.

"मी त्या रात्री त्यांच्याकडेच होतो. अकरा नोव्हेंबर, मंगळवार. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. अंगणात खरखर ऐकू आली. कोणीतरी झाडत होतं."

"वा! कामसू भूत. आमच्याकडे पाठवा की," सुतार म्हणाला.

"गप बस रे, मेल्या," त्याची आई म्हणाली.

"मी दाराच्या फटीतून पाहिलं. सात जण होते. माणसाहून थोडे उंच. वाकून झाडत होते... हातांनी. बोटांना आणखी बोटं फुटलेली. अंगावर कातडं नाही, साल." मुकादमांनी ओठ पुसले. "रानाच्या पोटात काळोखाचा एक देव आहे, असं म्हातारी माणसं सांगायची. त्याला उजेड खपत नाही. त्याच्या सेवेसाठी काही घरं दिवे मालवून आत गेली ती परतली नाहीत. तिथंच त्यांना पोरं झाली, पोरांना पोरं. दर पिढीला माणूसपण थोडं कमी, साल थोडी जास्त. दिवसा झाडांत उभे राहतात; वर पाहिलं तरच शेंडा नाही हे कळतं. रात्री देवाचं आवार झाडतात."

मुकादम बाकावर पुढे सरकले.

"त्यांनी एकाला धरून आणलं होतं. त्याच्या छातीवर ठसा. चाळीस. घोट्यावर पण तोच. त्याला पायरीवर बसवलं. अगदी हळू... कोणाची वस्तू परत करावी तसं."

"परत?" दुसऱ्या शिक्षकाने विचारले.

"ज्याचा ठसा, त्याचा माल. आता तो देवाचा राहिला नव्हता. मग देवाकडं एक सेवेकरी कमी पडला."

मुकादमांनी लावलेल्या खिडकीकडे एकदा पाहिले.

"त्यांनी दार वाजवलं नाही. हाक मारली नाही. दाजी आपणहून उठले. ताईनं हात धरला. ते म्हणाले, 'सोड. झाडायचं राहिलंय.' आवाज त्यांचाच होता."

"आणि तुम्ही?" मी विचारले.

"मी..."

त्यांनी उजवा तळहात धोतराला पुसला.

"मी कडी काढून दिली, बाई. आत ताई होती. पाळण्यात भाचा होता. बाहेर... सात."

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "सकाळी पायरीवर एक ओंडका पडला होता. दोन ठशांचा. अंगण लख्ख. एक पान नाही. मातीत नुसत्या रेघा, डहाळीनं ओढल्यासारख्या."

त्यांनी सुताराकडे मान वळवली. "तू ठसे कधी मारणार आहेस?"

"झाले मारून. इथं यायच्या आधीच."

"प्रत्येक वेळी वर पाहिलंस?"

सुताराने कप खाली ठेवला.

"शेवटी शेवटी... मोबाइलचा उजेड बुंध्यावर धरला होता, काका. हात दोनच आहेत."

त्याची आई उभी राहिली. पुन्हा बसली.

ती रात्र आम्ही सर्वांनी शाळेतच, सगळे दिवे लावून काढली. कोणी आले नाही. उजाडताच रानात जाऊन झाडे मोजली. एकोणचाळीस भरली. मी स्वतः तीनदा मोजली. चाळिसाव्याच्या जागी खड्डा नव्हता, बुंधा नव्हता. तिथली जमीन तेवढी गोल, स्वच्छ झाडलेली होती.

तिथून सगळे माझ्या घरी आलो. तोड रद्द करावी आणि सुताराने माझ्याकडे राहावे, असे मी सुचवले. सगळ्यांनी होकार दिला. मुकादम मात्र फाटकातच थांबले होते.

"बाई, अंगण कोण झाडतं तुमचं?"

"मीच."

"आज झाडलंत?"

मी काल संध्याकाळपासून घरी आलेच नव्हते. समोरच्या झाडाची पाने रात्रभर गळतात. अंगणात एकही पान नव्हते. मातीत बारीक रेघा होत्या आणि त्या माझ्या पायरीपाशी येऊन थांबल्या होत्या. सुताराच्या घरचे अंगण मी मुद्दाम जाऊन पाहिले. तिथे कालचा पाचोळा तसाच होता.

तेव्हा मी ठराव दुरुस्त केला. हातोडा सुताराचा असला तरी शब्द माझा होता. म्हणून बोलावणे आल्यास मी जावे, सुताराने उंबरठा ओलांडू नये आणि कडी माझी मीच काढावी. दोन्ही शिक्षकांनी खाली मान घालून हात वर केले. सुताराच्या आईने माझे पाय धरले. ते मी अनुमोदन समजले. मुकादमांना मताचा अधिकार नव्हता, तरी त्यांनी हात वर केला.

सुतार एकटा विरोधात होता. ठराव बहुमताने संमत झाला.