आरशावरची वाफ

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. इस्पितळाच्या वाचा-विभागाबाहेरच्या बाकावर ती आईला म्हणाली, "आई, पाणी दे." तेवढ्यात कुणीतरी तिच्याच गेंगाण्या आवाजात विचारलं, "इथं बसू का?"

ती उसळली. "नक्कल करता?"

"नाही हो... हा माझा स्वतःचाच आहे!"

आणि ती चक्क हसली. कारखान्यात काजं-बटणं करताना तिनं तोंड मिटूनच ठेवलेलं असे. बायका तिला 'मुकी' म्हणत. जन्मतः दुभंगलेली टाळू लहानपणी शिवली, तरी शब्द नाकातून निसटायचे. तो बसस्टँडवर सामान चढवायचा. त्याचंही तेच रडगाणं.

तपासणीला वाचा-विभागातल्या बाई नाकाखाली छोटा आरसा धरत. हवा नाकातून सुटली की आरशावर वाफ! बाहेर आल्यावर त्याच्या खिशातल्या आरशावर दोघांचा तोच खेळ.

"पाटी म्हण... बघ, माझा जास्त धुरकटला."

"हरलास तू! चहा पाज."

"हरायला मी कधीही तयार आहे," तो म्हणायचा, आणि ती खिडकीबाहेर बघायची.

तिचं बोलणं त्याला पहिल्याच खेपेला कळायचं. 'पुन्हा म्हण' असं न म्हणणारा जगात तो एकटाच.

हिवाळ्यात दोघांचं ऑपरेशन झालं. घशाच्या मागचा पडदा टाळूला शिवून हवेची वाट बुजवायची होती. त्याआधी त्यानं विचारलं होतं, "माझ्याशी लग्न...?" ती म्हणाली होती, "स्वच्छ आवाजात सांगेन. थांब."

त्याचा आरसा कोरा राहू लागला. तिचा राहीना. डॉक्टर म्हणाले, "टाळू फार आखूड आहे. पुन्हा चिरण्यात अर्थ नाही."

आई पुटपुटली, "त्याला आता मुलींची काय वाण!"

तो मात्र आला. बसस्टँडवर घोषणा करायचं काम मिळालं होतं. आवाज कसा खणखणीत!

"उत्तर राहिलंय माझं."

कित्येक दिवस घोकलेले दोनच शब्द तिनं जीव एकवटून म्हटले, "तूच... हवास."

तो आनंदला. खिशातून आरसा काढून, जुन्या सवयीनं, तिच्या नाकाखाली धरला.

"थोडी सुटतेय गं अजून. सावकाश... पुन्हा म्हण."

तिनं बाहीनं वाफ पुसली. आरसा त्याच्या हातात ठेवला.

"तुला कळलं ना?"

"कळलं की! म्हणून तर—"

"मग झालं."

तिनं पुन्हा म्हटलं नाही. पुढं ती इस्पितळात गेली नाही. तो कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. "चुकलं काय माझं, तेवढं तरी सांग." ती मान खाली घालून निघून जायची. सांगितलं असतं तर तो रडला असता, माफी मागितली असती. पण त्यानंतर प्रत्येक शब्दाआधी तिनं त्याच्या हाताकडंच पाहिलं असतं.

बाई निवृत्त झाल्या. आई मुलीचा घोर घेऊनच गेली. त्यानं उशिरा लग्न केलं. त्याच्या मुली शिकल्या, परगावी गेल्या. डोळे अधू होईतो ती काजं करत राहिली. तोही निवृत्त झाला, पण त्याचा ध्वनिमुद्रित आवाज स्टँडवर अजून लावतात.

कुठं जायचं नसलं तरी ती तिथल्या बाकावर जाऊन बसते. वरच्या भोंग्यातून तो प्रत्येक गाडी दोनदा सांगतो. ती आपले दोन शब्द ओठांतल्या ओठांत म्हणते... एकदाच.