सातव्या गाडीची खुर्ची

मी महाविद्यालयात प्रकाशशास्त्र शिकवतो; आरशात काय दिसू शकतं आणि काय नाही, हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

युद्धात माझे वडील रसदीच्या ताफ्यात सहावी लॉरी चालवत. दिवे बंद ठेवून जायचं आणि प्रत्येक थांब्यावर चालकाने आरशात पाहून मागची गाडी आल्याचं पुढे कळवायचं, असा नियम होता. निवृत्त वाहन कामगारांची संघटना दर स्मृतिदिनी तीच हजेरी घेते. सकाळी दहाला, डेपोच्या शेडमध्ये, एकामागे एक बारा खुर्च्या, प्रत्येक लॉरीची एक. लॉरीचा जुना आरसा हातात धरून प्रत्येकाने म्हणायचं, "मागे आहे." मागची खुर्ची मृताची, म्हणून रिकामी असली, तरी हेच म्हणायचं.

यंदा वडिलांनी निराळं ठरवलं होतं. युद्धात एका पुलापाशी त्यांनी न पाहताच "मागे आहे" कळवलं होतं. ताफा पुढे निघाला. सातवी लॉरी कधीच पोचली नाही. त्यांच्या हृदयाविषयी डॉक्टरांनी आता फारशी आशा ठेवली नव्हती. जाण्यापूर्वी एकदा सर्वांसमक्ष "मागे नाही" म्हणायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

हे संघटनेच्या सेक्रेटरींच्या कानावर गेलं. प्रत्येक ठराव अडवतात म्हणून त्यांना सगळे हँडब्रेक म्हणत. आठवड्यात दोनदा ते घरी आले. हजेरीची शोभा राखा, म्हणाले. सातव्या खुर्चीवर ऐनवेळी कुणाला तरी बसवून ते वडिलांना अडवतील, हा माझा संशय तिथूनच सुरू झाला. स्मृतिदिनी मी लवकर जाऊन सातवी खुर्ची उलटीपालटी करून पाहिली, शेडचं मागचं दार आतून लावलं आणि सेक्रेटरींवर नजर ठेवून भिंतीशी उभा राहिलो.

वडिलांची पाळी आली. त्यांनी आरसा उचलला. बराच वेळ पाहत राहिले.

सेक्रेटरी जागचे हलले नाहीत.

"मागे आहे," वडील म्हणाले.

नंतर मी त्यांच्या जागी बसून आरसा त्याच कोनात धरला. छताचा पत्रा दिसला. खुर्ची दिसणं शक्यच नव्हतं.

घरी परतताना गाडीत मी विचारलं, हँडब्रेकने दम दिला का?

"तो काय दम देणार?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"असताना नाही कसं म्हणू?"

थोड्या वेळाने ते म्हणाले, "जरा सावकाश घे रे. मागे पडतोय तो."

मागचा रस्ता किलोमीटरभर मोकळा होता. मी दोनदा पाहिलं. मग वेग वीसवर आणला.

"अजून."

मी गाडी थांबवली.

वडिलांनी हात लांबवून मागचं दार उघडलं.

गाडीची मागची बाजू किंचित दबली.