चारही दिवे

लताबाईंशी माझी पैज अशी लागली. वरच्या मजल्यावरच्या दीपकच्या गॅलरीतल्या घड्याळात एका रांगेतले चारही दिवे एकदम लागले, तर मी गेटवर बसून अर्धी मिशी काढणार. महिनाभरात नाहीच लागले, तर लताबाईंनी मला वर्षभर पापड पुरवायचे.

मी पापड मोजूनच बसलो होतो. कारण खालच्या गॅलरीत झाडांना पाणी घालताना मी सगळं ऐकलं होतं. समोरच्या बिल्डिंगमध्ये लताबाईंकडे राहायला आलेली त्यांची भाची चैताली, कपडे वाळत घालता घालता दीपकला म्हणाली, "दिवाळीचे राहिलेत का हे दिवे?"

"घड्याळ आहे," दीपक म्हणाला. एवढ्यानेच लाल झाला.

"आकडे कुठायत मग?"

"एका आकड्याला चार दिव्यांची उभी रांग. वरून आठ, चार, दोन, एक. लागलेल्यांची बेरीज करायची. चार आणि एक लागला की... पाच."

"चारही लागले तर?"

"पंधरा. पण आकडा नऊवर संपतो ना. त्यामुळे चारही कधीच लागत नाहीत. लागले तर समजायचं, बिघडलंय."

मग रोजचंच झालं. चिमटा दातात धरून ती दिव्यांची बेरीज करायची. "सहा बेचाळीस... चहा झाला?" हा नुसता मान हलवायचा.

शनिवारी ती म्हणाली, "उद्या सटाण्याहून मुलगा येतोय. मला बघायला."

"बरं," दीपक म्हणाला. माझ्या हातातली झारी त्याला मारावीशी वाटली.

"नुसतं बरं?" ती थांबली. "तोंडाने जमत नसेल तर दिव्यांनी सांग. सकाळी चारही लाव... मी आत्याला सांगून पाहुण्यांना थांबवते."

"पण ते चुकीचं दिसेल."

"दिसू दे की एकदा."

तो आत गेला. मी म्हटलं, पापड पक्के.

रविवारी सकाळी बघतो तर एक रांग नाही, चारही रांगा, सोळाच्या सोळा दिवे लखलखीत. किती वाजले, देव जाणे. चैताली ओल्या टॉवेलसकट उभी.

"दीपक... बिघडलंय रे तुझं."

"हो," तो म्हणाला. "तू आलीस तेव्हापासूनच."

तिने टॉवेल तोंडावर धरला. आत लताबाई सटाण्याला फोन लावत होत्या. फोन ठेवून गॅलरीत आल्या. "कारभारीभाऊ, खुर्ची घेऊन गेटवर या. फकिरा न्हाव्याला बोलावलंय."

"तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"भाची कुणाची आहे?"

अख्खी सोसायटी जमली. फकिराने वस्तरा चालवला, आरसा चैतालीने धरला, दीपक मोबाईलवर शूटिंग करत होता.

"उरलेली पण काढू का?" फकिराने विचारलं.

"राहू दे," लताबाई म्हणाल्या. "ती लग्नात काढू."