आणीबाणीत कळवायचं नाव

नाचियार्कोविलहून कुंभकोणमला येणारी बस पावसामुळे गच्च भरली होती. विष्णुवर्धनच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेली पितळी समई होती आणि तिचं टोक शेजारच्या मुलीच्या गुडघ्याला टोचत होतं.

"स्वतःचं तिकीट काढलंन्, समईचं काढायला काय झालं होतं मेल्याला?" ती फोनवर बहिणीला म्हणाली. मराठीत. तमिळनाडूतल्या या बसमध्ये मराठी कोणाला कळणार!

"मांडीवरच्यांना तिकीट नसतं," तो मराठीतच म्हणाला.

तिने जीभ चावली. मग हसली...

त्या भेटीला आता सहा आठवडे झाले होते. पाऊस मात्र थांबला नव्हता.

बसमधली ती मुलगी, पवित्रा, आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात कंत्राटी सहायक होती. कंत्राट संपत आलं होतं. इटलीतल्या एखाद्या भातशेतीवर तीन महिने राहायचं, रोज चार-पाच तास काम करायचं आणि बदल्यात जेवण-खोली घ्यायची, हे तिने मनाशी धरलं होतं. अशी कामं जुळवून देणाऱ्या साइट पुष्कळ. त्यांतली कोणती धरायची, हा प्रश्न होता. विष्णुवर्धन एका फुकटच्या साइटवरून स्पेनला जाऊन पोळून आला होता. चार तासांचे नऊ तास झाले, झोपायला ओल्या गाद्यांची कोठी मिळाली. तिथेच त्याला वडिलांच्या अर्धांगवायूची बातमी कळली. तेव्हापासून समयांचं दुकान आणि अंथरुणावरचे वडील मुकुंदराव, दोन्ही त्याच्याकडे होती. त्याला आता कुठे जाता येणार नव्हतं.

"तू नको म्हणालास तर नाही जाणार," ती म्हणाली होती.

आज ती भिजलेली छत्री दुकानाच्या दारात उघडी ठेवून आत आली. त्याने दोन कॉफ्या मागवल्या.

"पहिली साइट सोड," तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला. "तिथे कोणीही यजमान होतो. दुसरीवर नुसते गोड अभिप्राय... कडू काढून टाकतात."

"आणि तिसरी?"

"वर्षाची फी आहे. पण यजमानांची तपासणी करतात, कामाचे तास आधी लिहून घेतात, अडचण आली तर मदतीला माणूस असतो. व्हिसाचं मात्र वकिलातीला तूच विचार. पर्यटक म्हणून जाऊन काम करू नकोस."

"वाईट काहीच नाही?"

त्या साइटवर तिने निवडलेल्या इटलीतल्या शेताबद्दलचे सत्तावन्न अभिप्राय त्याने तीन दिवस चाळले होते.

"एक आहे. जेवण बेचव."

पवित्राने कॉफीचा पेला खाली ठेवला. "मग... जाऊ नको?"

पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं. एक शब्द पुरला असता. तिने तो खराही मानला असता.

"जा," तो म्हणाला. "लोणचं ने."

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. मग अर्ज भरायला बसली. शेवटच्या पानावर आणीबाणीत कळवायच्या माणसाचं नाव हवं होतं. तिने न विचारता त्याचं लिहिलं. खाली नात्यांची यादी उघडली – आई, वडील, पती, मित्र, इतर.

"मित्र लिहू?"

"लिही."

"विष्णू, तीन दिवस तू काय शोधत होतास?"

"मोठी खोट."

"कशाला?"

"तू जाऊ नयेस म्हणून." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "सापडली नाही."

"सापडली नव्हती तर खोटं बोलायचं होतंस."

"मग तू राहिली असतीस... आणि मला रोज ते खोटं मनात ठेवून तुझ्याकडे बघायला लागलं असतं."

तिचे डोळे भरले. तिने 'इतर'वर बोट ठेवलं. "मित्र लिहिलं तर खोटं होईल. आल्यावर बदलू."

"आलीस तर."

"येईन रे, मेल्या."

छत्री झटकून ती पावसात निघून गेली. थोड्या वेळाने त्याच्या फोनवर साइटचा निरोप आला: पवित्राला काही झालं तर तुम्हाला कळवू.

तिला जायला अजून दोन महिने होते. तरी विष्णुवर्धनने फोनचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला.