ठकूचा चेहरा

बेंगळुरातच, राजाजीनगरहून हेब्बाळला पोराचा डबा द्यायला गेलो होतो, एवढंच. भूतबित बघायला नव्हे. दिवा जरा मोठा करा, सांगतो.

माझी ठकू जाऊन वर्ष होत आलेलं. घरात तिचा धड फोटो नाही. लग्नातल्या फोटोतसुद्धा पदर हनुवटीपर्यंत. आमच्या खानापूरकडची रीत, चारचौघांत नवऱ्याकडं तोंड करायचं नाही. पोरगं घरात असलं तरी ही बया भिंतीकडं बघत मला भाकरी वाढायची. दोघंच असलो की मात्र समोर बसून भांडायची.

आता तिचं तोंड मला आठवेना. नाक आठवलं की डोळे जायचे.

परसू, माझा पोरगा, हेब्बाळच्या प्रयोगशाळेत कामाला. शेवटच्या दुखण्यात दवाखान्यानं ठकूच्या डोक्याचा स्कॅन करून कापावर काप फोटो काढलेले. तेच त्यानं त्या दिवशी मला तिचं तोंड दाखवायला कॉम्प्युटरला दिले. कोड लिहून काप एकावर एक रचायचे, की ब्राऊझरमध्ये अख्खं डोकं उभं राहतं. माऊसनं फिरवून कुठूनही बघा. रोजचं कामच त्याचं.

खोली गार, पडदे ओढलेले. यंत्रांची घरघर. काचेवर राखेच्या रंगाचं डोकं सावकाश उमटलं.

"अण्णा, आता समोरून बघा."

डोकं वळलं. तोंड भिंतीकडं.

माऊसला हात कुणाचा नव्हता. परसूनं कोड तपासला, शिव्या घातल्या, परत लावलं. परत तेच. मी दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो, तर तिकडूनही पाठ.

मग मला कळलं. म्हटलं, "तू बाहेर जा."

"अण्णा, मशीनला काय कळतंय..."

"जा म्हटलं ना. स्वल्प वेळ."

दार लागलं. जळक्या तुपाचा वास आला... आणि ती वळली. माझी ठकू. बारीक हनुवटी, गालावरचा देवीचा वण. डोळे मिटलेले.

"बरी आहेस का गं?" एवढंच बोललो.

परसू आत आला, तशी ती पुन्हा भिंतीकडं. तो दारातच थांबला.

"अण्णा... हे डोक्यावर काय? यात नुसती कातडी अन् हाडं येतात. कापड येत नाही. रंग तर मी दिलाच नाही..."

सगळ्या राखेत तेवढा पदर हिरवा होता.

ते फोटो ठकूच्या जिवंतपणीचे. अन् तो पदर मी ओळखला. सवाष्ण गेली म्हणून कोरं हिरवं लुगडं मीच आणलं होतं, तिला पोचवायच्या दिवशी. ते तिच्यासंगंच जळलं.