मापातली सायकल

मास्तरांनी सायकल शिवायला घेतलीय, असं मास्तरीणबाई गल्लीत सगळ्यांना सांगत. त्यात फारसं खोटं नव्हतं. उभा जन्म कपडे शिवण्यात गेलेल्या माणसाच्या हातात पाना आला म्हणून तो काही फिटर होत नाही. मास्तरांनी आधी गळ्यात टेप टाकला, मग स्टुलावर चढून बायकोला स्वतःचं माप घ्यायला लावलं. कंबर ते टाच, खांदा ते मनगट, वर बसल्यावरची मांडीसुद्धा.

मास्तरांचे पाय आखूड आणि धड लांब. बाजारातल्या एकाही सायकलवर त्यांचे पाय पेडलला पोचत नसत. आणि गुडघ्यांनी तर दावा मांडलेला. मशीनवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागत. डॉक्टरांनी बजावलं होतं, सायकल चालवा, नाहीतर काठी घ्या.

"जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचं केलं," मास्तर म्हणाले, "एक वस्तू तरी माझ्या मापाची होऊ दे."

बाईंनी टेप पुन्हा ताणला. काजं-बटणं करता करता त्यांनी ते गुडघे रोज कुरकुरताना ऐकले होते.

सामान गोळा झालं. फ्रेम भंगारवाल्याकडची. चाकं जावयाच्या माळ्यावरची. हँडल शेजारच्या पेंटरने दिलं, त्यावर तो ब्रश वाळत घालायचा. सीट कुठून आली ते मास्तरांना आठवेना. मागच्या अंगणात त्यांनी फ्रेमवर खडूने खुणा केल्या, शिलाईत ठेवतात तशी सीटच्या नळीत थोडी मार्जिन ठेवली, आणि सगळं आवळून एकदाचे वर बसले.

पाय हवेत लोंबत राहिले.

"खडूच्या खुणेपेक्षा सीट वर कशी?" मास्तर म्हणाले.

"चष्मा लावा," बाई म्हणाल्या.

चष्मा लावून सीट खाली केली. सकाळी ती पुन्हा वर. मास्तरांनी खापर बायकोवर फोडलं, बायकोने त्यांच्या विसरभोळेपणावर. शेवटी बाईंनी स्वतःच्या हाताने नट आवळला आणि पाना पिठाच्या डब्यात खुपसून ठेवला. सकाळी पाना पिठातच होता. सीट वर होती.

मग मात्र बाईंनी टेप उचलला आणि सायकलचंच माप घेतलं. शर्ट हातात आला की अंगात घालणारा कसा असेल ते त्यांना न पाहता कळे.

"ही ज्याच्या मापाची आहे तो चांगला उंच आहे," त्या म्हणाल्या. "आणि त्याचा डावा हात उजव्यापेक्षा बोटभर लांब आहे."

"म्हणजे गिऱ्हाईक दुसरंच आहे म्हण की!" मास्तर पोट धरून हसले. बाईंना हसू आलं नाही.

मास्तरांनी सीटचा नाद सोडला. रोज सकाळी नुसते वर बसायचे, पाय लोंबकळत ठेवून. "नवा कोटसुद्धा अंगावर बसायला वेळ घेतो," म्हणायचे. आणि एका सकाळी सायकलची घंटी वाजली. पाय पेडलला पोचले होते! मास्तरांनी गल्ली डोक्यावर घेतली. कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, परत आले आणि हात न टेकता ओटा चढले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना खरंच आनंद झाला होता.

तो टिकला पँटी आखूड पडेपर्यंत.

बाईंनी दुमड उसवून पँटींचे पाय लांब केले. पुन्हा आखूड. दुमडीत कापड उरलं नाही. शर्टाच्या बाह्या बघितल्या, तर उजवी ठीक होती आणि डावी बोटभर वर.

"व्यायामाने होतं असं," मास्तर म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "आधी वाकून बसायचे, आता ताठ झालेत." दोघांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. बाईंनी ते पटवून घ्यायचा फार प्रयत्न केला. पण शेजारी उभं राहिलं की पूर्वी नवरा-बायकोचे खांदे जुळायचे. आता मास्तरांशी बोलायला बाईंना मान वर करावी लागे, आणि वरून खाली बघणारे ते डोळे क्षणभर त्यांना ओळखीचे वाटत नसत. बाईंना आपला माणूस परत हवा होता. गुडघे कुरकुरणारा का असेना, पण तोच.

दुपारी मास्तर स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून चहा पीत बसले होते. बाईंनी पीठ झटकून पाना घेतला आणि अंगणात आल्या. सायकल सुटी करून भंगारात द्यायची, विषय संपला.

हँडलचा नट त्यांनी एकच फेरा सैल केला.

आत कप फुटला.

"अगं, जरा ये गं," मास्तरांची हाक आली.

बाई धावल्या. मास्तरांचे दोन्ही हात खांद्यापासून रिकाम्या बाह्यांसारखे लोंबत होते. मास्तर ओशाळून हसत होते. "उचलतच नाहीयेत बघ."

बाई आल्या पावली अंगणात गेल्या आणि नट आवळला.

आतून काचा गोळा केल्याचा आवाज आला.

"आलं हं ठीक," मास्तर म्हणाले. "मुंग्या आल्या असतील."

बाई सायकलजवळच उभ्या राहिल्या. नट सोडायची आता छाती नव्हती. निदान नीट बसलाय ना, म्हणून त्यांनी त्याला बोट लावून पाहिलं.

"अजून अर्धा फेरा," आतून मास्तरांचा आवाज आला. गिऱ्हाइकाने ट्रायलला उभं राहून सांगावं तसा, शांत. "डावा खांदा ढिला लागतोय."

बाईंनी पाना लावला आणि अर्धा फेरा दिला.