क्विटेंडनचा मृत्यू

ओहायोतलं डब्लिन हे नीटनेटकं उपनगर आहे. माझा पुतण्या बुद्धभूषण इथे राहतो, कोलंबसच्या एका हॉस्पिटलात हातांची सर्जरी करतो आणि रविवारी क्रिकेट खेळतो. त्याची बायको मोनाली फोनवरच्या ॲपमध्ये स्कोअर ठेवते. नागपूरच्या दैनिकातून निवृत्त होऊन मी उन्हाळ्यापुरता त्यांच्याकडे आलो, तेव्हा दोघांनी क्लबच्या वेबसाइटवरचं एक सदर माझ्या गळ्यात घातलं : जुने इंग्लिश क्रिकेटपटू.

"काका, शनिवारी कॉपी द्या," मोनाली म्हणाली. "डेडलाइन नसली की तुम्ही उगाच किचनमध्ये येऊन माझ्या चुका काढता."

पहिला माणूस मी निवडला तो क्विटेंडन. पहिलं नाव कुणालाच ठाऊक नाही. केंट परगण्यातला वीटभट्टीवाला, अठराव्या शतकाच्या अखेरीस काही मोसम खेळला. तेव्हा चेंडू खांद्यावरून नव्हे, खालून टाकत. क्विटेंडनचा चेंडू गवतावरून असा उसळे की फलंदाजाची बोटं बॅटच्या दांड्यावर चेचली जात. ग्लोव्ह्ज नव्हते. झेल उडाला तर बळी झेलणाऱ्याच्या नावावर लागे, गोलंदाजाचं नाव लिहीतच नसत. त्यामुळे धावफलकांत क्विटेंडन जवळजवळ नाहीच. आठवणी आहेत त्या मोडलेल्या हातांच्या. एका सामन्यानंतर तो कुठेच दिसत नाही. गावच्या चर्चमध्ये दफन झाल्याचाही पुरावा मिळेना. मी लिहिलं, 'मृत्यू : नोंद नाही.'

दुसऱ्या दिवशी सायओटो नदीजवळच्या पार्कात सामना होता. शेजारी बेसबॉलचं मैदान, गवतात रानहंसांची घाण, मधोमध हिरवं मॅटिंग. समोरच्या संघातून एक दांडगा गोरा माणूस गोलंदाजीला आला. जाडाभरडा शर्ट, चामड्याचे बूट. वयाचा अंदाज येईना. त्याने चेंडू काखेपर्यंत उचलला आणि खालून सोडला.

आमचा सलामीचा देवांग हसला. "काय यार, गल्ली क्रिकेट चालू केलं का यांनी?"

पुढचा चेंडू मॅटवर टेकला आणि सरळ वर आला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. चेंडू ग्लोव्हवरून स्लिपच्या हातात गेला आणि देवांग गुडघ्यांवर बसला. ग्लोव्ह काढला तेव्हा त्याची मधली बोटं उलट्या बाजूला वळलेली होती.

आजच्या नियमाने तो नो-बॉल. अंपायरने हात आडवा केला नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, "करायचा होता. झाला नाही."

मोनाली फोनकडे बघत होती. "काका, बोलरचं नाव टाकल्याशिवाय हे ॲप पुढे सरकतच नाही. आत्ता सरकलं. कॉट लागलंय, फील्डरचं नाव आहे. बोलर ब्लँक."

समोरचा कॅप्टन वीर इथेच जन्मलेला. मी त्या माणसाबद्दल विचारलं. "आय थॉट ही वॉज वन ऑफ यूअर्स, अंकल," तो म्हणाला.

तो माणूस मैदानातून बाहेर पडताना आमच्या बाकासमोर थांबला. भाजलेल्या मातीचा वास आला. बुद्धभूषण बॅटच्या मुठीवर टेप गुंडाळत होता. माणूस त्याच्या हातांकडे बघत राहिला. बराच वेळ. मग झाडांकडे गेला.

घरी मी म्हणालो, "भूषण, पुढच्या रविवारी खेळू नकोस."

"कमाल करता, काका! बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून भुताची भीती घालताय?"

"भूत मीही मानत नाही. पण हे हात गेले तर काय करशील?"

"डबल ग्लोव्ह्ज घालीन. झालं समाधान?"

झालं नाही. दैनिकात आमच्या डेस्कवर एक नियम होता : पुष्टी झाल्याशिवाय बातमीत कुणाला मारायचं नाही. नोंद नाही तोवर माणूस जिवंत. आयुष्यभर मी तो पाळला. बुधवारी मोडला. लेखात क्विटेंडनला मनानेच मृत्यूचं वर्ष दिलं, गाव दिलं. कारणाशिवाय मृत्यूची बातमी अर्धवट वाटते म्हणून कारणही दिलं : उजव्या हाताची जखम सडून. त्याने जे इतरांना दिलं तेच त्याला. मला बरं वाटलं.

रविवारी तो गोलंदाजीला आला नाही. बुद्धभूषण मनसोक्त खेळला. परत येऊन त्याने ग्लोव्ह्ज भिरकावले आणि माझ्या तोंडासमोर पंजे नाचवले. "मोजून घ्या, काका. स्टॉक पूर्ण आहे."

त्याच्या मागे, पाण्याच्या कूलरपाशी, तो उभा होता.

चेहरा राखेसारखा. उजव्या हाताला गोणपाट गुंडाळलेलं. त्याने तो हात बुद्धभूषणपुढे धरला.

"हात लावू नकोस," मी म्हणालो.

"काका, पेशंट आहे तो."

बुद्धभूषणने गोणपाट सोडलं. तो हात आपल्या उघड्या हातांत घेतला.

"हाउ लाँग हॅज इट बीन लाइक धिस?" बुद्धभूषणने विचारलं.

माणूस माझ्याकडे बघत होता. मग हसला.

"विचित्र आहे," बुद्धभूषण मान वर न करता म्हणाला. "इतकं सडलंय, पण जखम जुनी नाही. बुधवारची वगैरे असेल."

मी मोनालीला हाक मारली. ती धावत आली तेव्हा बुद्धभूषण एकटाच उभा होता, दोन्ही हात पुढे धरून.

घरी येताच मी लेखातली ती मृत्यूची ओळ काढून टाकली.

जेवायला बसलो तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. मोनालीने पिठलं-भाकरी वाढली. बुद्धभूषणने भाकरीचा तुकडा मोडला, डाव्या हाताने.

"डावखुरा कधीपासून झालास रे?" मोनालीने हसून विचारलं.

तोही हसला. उजवा हात त्याने टेबलाखालून वर काढला नाही.